मेंढरांची यादी ढगावर चढते

इस्लामपुरातील एका वाचनालयात बावीस वर्षे ग्रंथांवरील धूळ झटकण्याचे कार्य निष्ठेने करणारे भाऊसो हे स्वभावाने मितभाषी गृहस्थ होते. ग्रंथांच्या सहवासात मनुष्य एक तर विद्वान होतो, नाही तर गप्प होतो. भाऊसो आठवीपर्यंतच शिकलेले असल्यामुळे दोन्ही गोष्टी त्यांना थोड्या थोड्या साधल्या होत्या. अशा मनुष्याने बुधवारच्या भर बाजारात, भेंड्यांच्या ढिगाशेजारी उभे राहून, शेतकऱ्यांच्या घोळक्यासमोर सिंहगर्जना करावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांनाही नंतर खरे वाटेना.

गर्जनेचे कारण होते त्यांचा धाकटा बंधू ज्ञानू. दुष्काळी जतकडील त्यांच्या घरचा तीनशे मेंढरांचा कळप दरवर्षी होळीच्या सुमारास वाळवा तालुक्यात उतरे आणि ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानांत बसे. एका रानात दोन रात्री कळप बसला की लेंड्यांनी ती जमीन अशी तृप्त होते, की पोत्यातल्या खताने लाजून मान खाली घालावी. त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्यास कळप आधी हवा असे. ज्ञानूमध्ये सर्व सद्गुण होते. केवळ 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर येत नसे. गतवर्षी त्याने एकच संध्याकाळ तिघांना देऊन टाकली. तिघेही आपापल्या बांधावर चहाची किटली घेऊन उभे, आणि कळप चौथ्याच्याच रानात!

"औंदा तसलं चालायचं न्हाई," असे बाजारात इंद्रजितने स्पष्ट बजावले. हा इंद्रजित म्हणजे बारा एकर उसाचा धनी. आवाज असा, की पलीकडच्या ओळीतल्या कोंबड्या गप्प व्हाव्यात. "समद्यांना दिसंल आशी नंबराची यादी रविवारपातूर दावा. न्हाईतर आमी दुसरा कळप सांगून ठेवलाय. मग तुमी या वाटंला फिरकू बी नका."

वाट बंद होणे म्हणजे काय, हे मेंढक्याच्या पोटी जन्मलेल्या मनुष्यास समजावून सांगावे लागत नाही. आजोबांच्या पावलांनी पडलेली ती वाट होती. ज्ञानू पागोट्याचे टोक चावू लागला. तेव्हा भाऊसो पुढे सरसावले आणि वाचनालयात येणाऱ्या एका संगणकविषयक मासिकातील शब्द त्यांच्या मुखातून बाहेर पडले.

"यादी क्लाऊडवर चढंल! रविवारी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर दिसंल. माजा शबूद हाय!"

"क्लाऊड म्हंजी?" मातोश्री तानुबाईंनी विचारले. पंचाहत्तर वर्षांच्या या माउली आजही कळपाबरोबर चालतात.

"ढग, आये."

"ढग?" तानुबाईंनी आकाशाकडे पाहिले व नंतर पुत्राकडे. "आरं, आमी जतची माणसं. ढगानं आजवर आपल्याला काय दिलंय, म्हणून तू त्याच्याकडं यादी द्यायला निगालास?"

सर्व बाजार हसला. भाऊसोंचा कान लाल झाला. पण शब्द गेला तो गेला.

त्याच सायंकाळी त्यांनी आपला जुना लॅपटॉप उघडला. त्याचे झाकण निखळू नये म्हणून पुस्तकबांधणीच्या कापडी पट्टीने ते आवळलेले होते. मासिकात दिलेल्या संकेतस्थळाचा डॅशबोर्ड, म्हणजे मुख्य फलक, जेव्हा पडद्यावर अवतीर्ण झाला, तेव्हा भाऊसोंनी नकळत चप्पल पायातून काढली. त्या दर्शनाचे वर्णन करण्यास लेखणी अपुरी आहे. शुभ्र पृष्ठभागावर ओळीने मांडलेले साचे, ज्यांस तेथे टेम्प्लेट म्हणतात. कुणाला दुकान थाटायचे असेल तर दुकानाचा साचा, कुणाला मनोगत लिहायचे असेल तर मनोगताचा, आणि चौथ्या ओळीत, जणू भाऊसोंचीच प्रतीक्षा करीत, 'नंबराची यादी' या कामाचा साचा! प्रत्येकाखाली एकच बटण. त्यावर लिहिलेले: डिप्लॉय, म्हणजे काम उभे करा.

"म्हंजी सोऱ्याच की हो," पत्नी मंगल खांद्यावरून डोकावून म्हणाली. "पीठ आपलं, साचा त्यांचा. दाबलं की चकली."

भाऊसोंनी मासिकाचे नऊ अंक वाचून जे जाणले होते, ते मंगलने पोळपाट हातात असताना सांगून टाकले. अर्थात हे त्यांनी तिच्यापाशी कबूल केले नाही.

आता वाचकांस वाटेल की बटण दाबले आणि कार्य सिद्धीस गेले. परंतु कोणतेही सत्कार्य अर्जाविना होत नाही. प्रथम नाव, मग ईमेल, मग ईमेलवर आलेला आकडा. पासवर्डात एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवे, अशी त्या संकेतस्थळाची अट होती. पुढे प्रश्न आला की हे खाते कोणत्या प्रकारचे. फुकट मिळणाऱ्या प्रकारास त्यांनी 'छंद' असे नाव दिलेले होते. भाऊसो व्यथित झाले. तीन पिढ्या पायांना भेगा पाडून जो धंदा केला, त्यास छंद म्हणावे? दुसरा प्रकार मोठ्या कंपन्यांचा होता. अखेर त्यांनी 'छंद' निवडले. परंतु निवडताना डोळे मिटून घेतले.

मग विचारणा झाली की यादी जगातील कोणत्या प्रदेशात ठेवायची. सिंगापूर, जर्मनी आणि अमेरिका असे तीन पर्याय होते. हा प्रश्न एकट्याने सोडविण्याजोगा नव्हता. शेजारचे सुमंत यांस बोलाविण्यात आले. सुमंत मूळचे सांगलीचे. भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतरही कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालेले नव्हते.

"जर्मनी घ्या," सुमंत म्हणाले. "शिस्तीचा देश. तिथं कागद हरवत नाही."

"पाणी कुटं हाय ते बघा आदी," मंगलचे मत पडले. "जितं पाणी न्हाई तितं कशाला बसवायचं?"

भाऊसोंनी ज्ञानूला फोन लावला. त्याने सवयीप्रमाणे तिन्ही देशांना होकार दिला. तेव्हा मागून तानुबाईंचा आवाज आला, "जवळचं बघ, बाबा. लांब गेल्यालं मेंढरू हाकंला ओ देत न्हाई."

आणि काय आश्चर्य! पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत हीच सूचना होती: वापरणारे लोक जेथे असतील, त्यांच्या सर्वांत निकटचा प्रदेश निवडावा. ती सूचना लिहिणारा अभियंता किती शिकलेला असेल ते असो. तानुबाई शाळेच्या पायरीवर केवळ ऊन लागले म्हणून एकदा बसल्या होत्या. सिंगापूर निश्चित झाले.

शेवटी नाव. 'यादी' हे नाव कुणीतरी आधीच घेतलेले होते. 'मेंढरे' हेही गेलेले. 'लोकर', 'कळप', 'वाळवा' सर्व गेलेली. भाऊसोंनी सहज आईचे नाव टाकले, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. अखिल भूतलावर 'तानुबाई' हे नाव कुणीही घेतलेले नव्हते! साच्यात पहिल्या मानकऱ्याचे नाव घालण्याची जागा होती. तालीम म्हणून तेथेही त्यांनी 'तानुबाई, जत' असेच लिहिले. सुरुवात रविवारपासून अशी तारीख घातली आणि श्वास रोखून डिप्लॉय दाबले.

तत्क्षणी काळ्या चौकटीत अक्षरांच्या ओळी झरझर वर चढू लागल्या. कुठे सिंगापूर, कुठे इस्लामपूर! न पाहिलेल्या कुणा यंत्रांनी एका मेंढक्याच्या पुत्रासाठी अशी धावपळ करावी, पारिश्रमिक मागू नये, जातगोत विचारू नये, आणि दोन मिनिटे चाळीस सेकंदांनी हिरवा दिवा लावून 'आपले काम सुरू झाले' असे नम्रपणे कळवावे! तालुक्याच्या कचेरीत एक दाखला काढण्यास पाच खेटे घातलेल्या भाऊसोंचे डोळे पाणावले. मोबाईलवर दुवा उघडला. क्रमांक एक: तानुबाई, जत.

या ठिकाणी भाऊसो थांबले असते, दुसऱ्या पानावरील सूचना वाचून त्याच यादीत पुढील नावे घातली असती, तर ही कथा येथेच संपली असती. ते तसे करणारही होते. परंतु गुरुवारी सकाळी अर्जुनाआबांचा फोन आला. अर्जुनाआबा म्हणजे त्या शेतकऱ्यांतील वयाने व शब्दाने सर्वांत वडील गृहस्थ. त्यांचे नाव सर्वांत आधी आले, आणि ते यादीत घालण्यास भाऊसोंनी बोट उचलले, तोच सुमंत ओरडले.

"काय करताय! एका यादीत दोन माणसं? अहो, चौतीस वर्षांत मी एकच धडा शिकलो. दोन खातेदारांची प्रकरणं एका फाईलीत घातली की ती भावकी होते. एक अर्जदार, एक फाईल!"

भाऊसो विचारात पडले. सुमंतांचा अनुभव खोटा नव्हता; भावकीचे वाद त्यांनीही पाहिलेले होते. शिवाय डिप्लॉय दाबल्यावर येणारा तो आनंद पुन्हा अनुभवावयास मिळणार होता, हेही, खरे सांगायचे तर, मनाच्या एका कोपऱ्यात होतेच. त्यांनी साच्याकडे परतून नवे नाव दिले, 'अर्जुना'. पहिल्या मानकऱ्याच्या जागी अर्जुनाआबा, सुरुवात रविवार. ओळी चढल्या, दिवा लागला, दुवा आबांना रवाना झाला.

"लय झ्याक!" आबांचा निरोप आला. "माजा पयला नंबर हाय की!"

भाऊसोंस वाटले, पहिला फोन त्यांचाच, तेव्हा यात वावगे काय? पुढे दुसरा आला, तिसरा आला. शनिवारी दुपारपर्यंत अकरा शेतकऱ्यांचे फोन येऊन गेले आणि अकरा जण अकरा स्वतंत्र दुव्यांवर विराजमान झाले. सर्वांत शेवटी इंद्रजितचे नाव चढले. यादी मागणाऱ्यानेच नाव सर्वांत उशिरा द्यावे, ही मोठ्या माणसांची रीत. प्रत्येकाचा उलट निरोप कृतज्ञतेने ओथंबलेला होता. इतकी संतुष्ट माणसे भाऊसोंनी एका आठवड्यात कधी पाहिलेली नव्हती. त्यातच खरे तर संशयास जागा होती. परंतु कौतुकाच्या भरात संशय घ्यावा, इतके ते क्षुद्र मनाचे नव्हते.

मध्येच एक विघ्न उद्भवले. शुक्रवारी अर्जुनाआबांचा फोन आला.

"भाऊसो, तुमची यादी उगडंना. नुसतं पांडरं दिसतंय."

भाऊसोंनी घाईघाईने सूचना चाळल्या. 'छंद' प्रकारातील काम पंधरा मिनिटे कुणी पाहिले नाही, तर झोपी जाते आणि पुन्हा जागे होण्यास मिनिटभर घेते, असे तेथे नमूद होते.

"जरा दम धरा. निजली हुती. उठतीया," ते म्हणाले.

"यादी निजती व्हय?"

ही वार्ता कळपावर पोहोचताच तेथे कुणालाही नवल वाटले नाही. ज्या कुळात कळप आजवर कधी एकटा सोडलेला नाही, तेथे राखण कशी करावी हे सांगावे लागत नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच्या पाळ्या लागल्या. ज्ञानूने दहा-दहा मिनिटांनी चार दुवे उघडायचे, मंगलने भाकरी थापता थापता चार आणि वाचनालयातून भाऊसोंनी उरलेले. सिंगापूरच्या त्या यंत्रांनी अनेक देशांची कामे पाहिली असतील. परंतु मेंढक्यांनी इतक्या मायेने राखलेली यादी त्यांच्या अनुभवास प्रथमच आली असावी.

रविवारी दुपारी चार वाजता कळप गावाबाहेरच्या माळावर येऊन थांबला. भाऊसोंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. लॅपटॉप काखेत, शेजारी साक्षीदार म्हणून सुमंत. पाहतात तो अकराही शेतकरी हजर, आणि प्रत्येकाच्या हातात चहाची किटली.

"चला, मेंढरं हाणा माज्या रानाकडं," इंद्रजित म्हणाला. "ह्ये बगा. क्रमांक एक. रविवार."

"आरं, एक तर मी हाय," अर्जुनाआबांनी मोबाईल पुढे केला. "दिसतंय का? वाच की!"

"आवं, मग ह्ये काय हाय?" तिसऱ्याने आपला काढला. चौथ्याने काढला. क्षणार्धात अकरा मोबाईल उंचावले गेले आणि अकराही पडद्यांवर अकरा वेगवेगळी माणसे पहिल्या क्रमांकावर तळपत होती.

गतवर्षी ज्ञानूने एकच संध्याकाळ तिघांना दिली होती. भाऊसोंनी ती अकरा जणांना, तीही लेखी स्वरूपात, सिंगापूरमार्गे दिली होती.

"दादा," ज्ञानू हळूच म्हणाला, आणि त्याच्या स्वरात प्रथमच बंधूविषयी खरा आदर होता, "मला त्वांडी बी यवडं जमलं न्हवतं."

"शिकल्याली माणसं!" इंद्रजित गरजला. "चुकायचं तर थाटात. म्या आत्ता फोन लावतो, येऊ दे दुसरा कळप."

 आजोबांची वाट भाऊसोंच्या एका बोटाने मिटत होती. नव्हे, बारा वेळा बोट दाबल्याने मिटत होती. सुमंतांनी 'प्रत्येक फाईलीस स्वतंत्र अनुक्रमांक असतो' हा नियम सांगून पाहिला. त्यावर कुणीतरी त्यांना जे उत्तर दिले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. भाऊसो मटकन दगडावर बसले. काय करावे ते न सुचून त्यांनी लॅपटॉप उघडला, कारण संकटात मनुष्य आपल्या दैवताकडेच पाहतो.

डॅशबोर्ड उघडला. त्यावर बारा नावे एकाखाली एक शांतपणे उभी होती. प्रत्येकापुढे हिरवा दिवा, आणि दिव्यापुढे, आजवर भाऊसोंच्या ध्यानी न आलेली, एक बारीक ओळ: कोणत्या वारी, किती वाजता, किती मिनिटांनी हे काम उभे राहिले.

भाऊसो ताडकन उठले.

"थांबा! फोन लावू नका! ज्यानं आदी सांगितलं त्येचं आदी चढलंय. हितं मिंटासकट लिवलंय. ह्ये मी लिवल्यालं न्हाई, मशीननं लिवलंय. यादी हीच हाय!"

बाराही डोकी... नव्हे, अकरा डोकी लॅपटॉपवर वाकली. सुमंतांनी चष्मा लावून वेळ न् वेळ मोठ्याने वाचली. ज्याने त्याने आपल्या मोबाईलमधील फोनची वेळ ताडून पाहिली. फरक निघाला तो केवळ डिप्लॉयच्या दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा, आणि तो सर्वांना सारखाच. इतका निःपक्षपाती कारकून त्या पंचक्रोशीने पाहिलेला नव्हता.

परंतु इंद्रजित तो इंद्रजितच.

"मग तर झालंच," तो मिशीवर हात फिरवीत म्हणाला. "समद्यात वर कोण हाय? मीच की!"

आणि खरोखरच त्या डॅशबोर्डाची रीत अशी, की जे सर्वांत ताजे ते सर्वांत वर. शनिवारी दुपारी आलेला इंद्रजित शिखरावर होता आणि गुरुवारी सकाळी आलेले अर्जुनाआबा तळाशी. पुन्हा गलका उसळणार, तोच तानुबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांनी केवळ रांगेकडे पाहिले.

"इंद्रजिता," त्या म्हणाल्या, "मेंढरं वाघरात कोंडली की दाराशी कोण हुबं ऱ्हातं?"

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, हे तेथे सर्वांस ठाऊक होते.

"जे शेवटाला आत गेलं ते."

"आन् जे पयलं गेलं ते?"

"ते... पार आत. मागं." इंद्रजितचा हात मिशीवर थांबला.

"मग तू दाराशी हुबा हायेस, बाबा. मागनं मोजा."

अकरा वर्षांचा वाद अकरा क्षणांत संपावा, तसे झाले. इंद्रजित स्वतःच हसला आणि आपल्या किटलीतला चहा सर्वांना ओतू लागला. नाही तरी त्याची पाळी यावयास वीस दिवस होते, तोवर तो गार झाला असता. सुमंतांनी खालून वाचावयास आरंभ केला, आणि पहिल्याच नावावर त्यांचा आवाज अडखळला.

"क्रमांक एक. बुधवार, सायंकाळी सात वाजून बारा मिनिटे. तानुबाई, जत."



"ती नुसती तालीम हुती," भाऊसो घाईने म्हणाले. "खरी धरू नका. पुसून टाकतो."

"का पुसायची?" अर्जुनाआबांनी विचारले. "मिंटाचा नेम समद्यांना सारका. तानुबाई, तुमच्या रानात कळप कवा बसलाय?"

तानुबाईंनी काठीने मातीत एक रेघ ओढली. "कशाचा बसतोय! ह्यो ज्ञानू समद्यास्नी व्हय म्हणतो. माघारी जाईपातूर पेरणी उरकल्याली असती. सात वर्सं झाली. जगाची रानं खतावली आमच्या मेंढरांनी. आपल्या रानात लेंडी पडली न्हाई."

ज्ञानू पुन्हा पागोट्याचे टोक चावू लागला.

आबांनी निवाडा केला. कळप आता येथे उभा आहे, म्हणून येथील अकरा रानांचे बावीस दिवस आधी. परंतु अकरावे रान उठले की कळप थेट जतच्या वाटेला लागेल. मध्ये कुणी ज्ञानूला हाक मारायची नाही, आणि मारली तर ज्ञानूने डॅशबोर्ड दाखवायचा.

"व्हय," ज्ञानू म्हणाला. या खेपेस ते योग्य ठिकाणी आले.

पुढील बावीस दिवस भाऊसोंच्या आयुष्यातील सर्वांत मानाचे होते. एकेक रान बसून उठले की त्या शेतकऱ्याचे काम डॅशबोर्डवरून काढले जाई. काढताना तो डॅशबोर्ड खात्री करून घेण्यासाठी नाव पुन्हा टंकावयास लावी, आणि अर्जुनाआबांनी तर ते स्वतःच्या बोटाने, चष्मा कपाळावर सारून, अक्षर अक्षर टंकले. पुढच्या वर्षी यादी एकच ठेवावी, असे सुमंतांनीही मान्य केले. मात्र तिला जावक क्रमांक हवा, ही अट त्यांनी सोडली नाही.

चैत्र सरता सरता भाऊसो रजा काढून जतला गेले. घरच्या सव्वादोन एकरांत कळप दोन रात्री बसून सकाळीच उठला होता, आणि जमीन काळ्याभोर ठिपक्यांनी भरून गेली होती. तानुबाई बांधावर बसून ती पाहत होत्या. त्या गावात मोबाईलला रेंज फक्त टँकर उभा राहतो त्या ओट्यावर येते. भाऊसो लॅपटॉप घेऊन तेथे चढले. डॅशबोर्डवर आता एकच नाव उरले होते.

"आये," त्यांनी हाक दिली, "तुजं रान बी झालं. पुसू का गं नाव?"

"पुसलं न्हाई तर काय व्हतंय?"

"काय न्हाई. कुणी बगितलं न्हाई की निजतंय."

तानुबाईंनी ओंजळभर माती उचलून वास घेतला आणि हात झाडले.

"मग निजू दे," त्या म्हणाल्या. "लय वर्सांनी निजायला जागा गावलीया तिला."

भाऊसोंनी झाकण मिटले, कापडी पट्टी आवळली, आणि पंधरा मिनिटे त्या ओट्यावर मुद्दाम काहीही न करता बसून राहिले.